दुसरा मेसेज

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला शिंपीकाका आमच्या खिडकीशी आले. गोळ्यांची रिकामी पट्टी काचेखालून आत सरकवत म्हणाले, "सिस्टर, संपल्या. अजून द्या."

सिस्टरांनी कार्डावरची तारीख पाहिली. "काका, पंधरा दिवसांच्या दिल्या होत्या. अजून चार दिवस पुरायला हव्यात. कबुतरांना घातल्या का?"

"कबुतरांना कशाला? तुम्हीच डोस वाढवलात. शुक्रवारपासून रोज दोन मेसेज येतात. एक गोळी घ्या, एक गोळी घ्या. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन."

मी आतल्या टेबलाशी रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या लावत होते. दोन मेसेज, हे ऐकून मी हातातली नळी खाली ठेवली.

आमचा दवाखाना लहान आहे. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या ज्यांना कायमच्या चालू असतात, फक्त त्यांचा. कुणाच्या हृदयात कृत्रिम झडप असते, कुणाच्या पायात गाठ होऊन गेलेली असते. त्यांचं रक्त किती पातळ आहे ते एका आकड्यात मोजतात. आकडा साधारण तीनच्या आसपास राहिला पाहिजे. फार खाली गेला तर गाठ होते, फार वर गेला तर रक्त वाहू लागतं आणि थांबत नाही. प्रत्येकाचा डोस वेगळा आणि तो दर तपासणीला बदलू शकतो. पूर्वी आम्ही चिठ्ठीवर लिहून द्यायचो. चिठ्ठ्या हरवायच्या, धुण्यात जायच्या. म्हणून चार वर्षांपूर्वी मी एक छोटं वेब ॲप्लिकेशन लिहिलं. मी रक्ताचा आकडा भरायचा, डॉक्टरीणबाईंनी डोस ठरवायचा, आणि सकाळी सहा वाजता प्रत्येकाच्या फोनवर मेसेज जायचा: आज किती गोळ्या. दोनशे चौदा माणसं त्या मेसेजवर उठत होती.

हे सगळं माझ्या टेबलाखालच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. त्याचा पंखा खोकायचा म्हणून त्याला सगळे म्हातारा म्हणायचे. यंदा तो दोनदा आपोआप बंद पडला आणि बाई म्हणाल्या, आता याला भरवशाच्या जागी हलवा.

हलवायचं कुठे, यासाठी मी माझ्या आतेभावाला फोन केला होता. बाळ्या दुसऱ्या शहरात सर्व्हर सांभाळण्याचंच काम करतो. चाळिशी उलटली, डोक्यावर केस उरले नाहीत, तरी घरात बाळ्याच. मी कागदावर तीन पर्याय मांडले होते. पहिला, सामायिक होस्टिंग: एका यंत्रावर शंभर जणांचे संसार, शेजाऱ्याने दंगा केला की आपलीही झोपमोड. दुसरा, स्वतःपुरता भाड्याचा सर्व्हर: जागा त्यांची, पण आतली मांडामांड, कुलपं, दुरुस्ती, बॅकअप सगळं आपण करायचं. तिसरा, सांभाळून देणारी सेवा: आपण फक्त ॲप्लिकेशन द्यायचं, बाकी सगळं कंपनी बघते.

"तिसरा," बाळ्या लगेच म्हणाला. "ताई, तुला रक्त तपासायचंय की कुलपं मोजायचीत?"

"पण आत काय चाललंय ते मला दिसणार नाही."

"तू रेल्वेत बसलीस तरी इंजिन उघडून बघशील."

मी दुसरा पर्याय घेतला. जे मला दिसत नाही त्याची मला भीती वाटते, आणि ती भीती मी आजवर काळजीपूर्वकपणा या नावाने बाळगत आले आहे. दोन आठवडे खपून मी नवा सर्व्हर लावला. दारं बंद केली, लागतील तेवढीच उघडी ठेवली. बॅकअप घेतला, आणि तो परत चढवता येतो का तेही करून पाहिलं. बाळ्याने लांबून तपासलं आणि म्हणाला, "माझ्या टीममधल्या निम्म्यांना तुझ्याकडे शिकवणीला पाठवतो." मग विचारलं, "जुना कधी बंद करणार?"

"तीन आठवडे शेजारी चालू ठेवते."

"चांगलंय," तो म्हणाला.

चांगलंच होतं. प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं की जुनं लगेच काढत नाहीत. दोन्ही शेजारी चालवतात, तेच रक्त दोन्हीकडे घालतात आणि उत्तरं ताडून पाहतात. शितावरून भाताची परीक्षा आमच्याकडे चालत नाही. मी रोज दहा जणांचे आकडे दोन्हीकडे भरत होते; बदललेले डोस मात्र फक्त नव्यात जात होते. म्हाताऱ्यावरचा मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम मी पहिल्याच दिवशी थांबवला होता. दुसऱ्या दिवशी मेसेज गेले नाहीत याची खात्री केली, तिसऱ्या दिवशीही केली, आणि वहीत लिहिलं: मेसेज बंद, तपासले. चौथ्या दिवसापासून तपासलं नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. रक्त तपासणारं यंत्र फक्त वाचतं. ते शेजारी पडून राहिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. म्हातारा बोलायचा.

मी खिडकीशी गेले आणि शिंपीकाकांचा फोन मागून घेतला. सहा वाजताचा मेसेज आमचा, नव्या सर्व्हरचा. दुसरा सहा वाजून दोन मिनिटांचा. शुक्रवार, शनिवार, रविवार, आज.

गुरुवारी संध्याकाळी दहा मिनिटं वीज गेली होती. वीज आली की म्हाताऱ्याने आपोआप चालू व्हावं ही सोय मीच फार पूर्वी केली होती. तो उठला, आणि उठल्यावर नेहमीची सगळी कामं एकेक करून सुरू केली. मी मेसेजचा प्रोग्रॅम थांबवला होता. यंत्र पुन्हा सुरू झालं तरी तू सुरू होऊ नकोस, हे मात्र त्याला वेगळं सांगावं लागतं. ते मी सांगितलं नव्हतं.

"काका, तुम्ही चार दिवस दोन गोळ्या घेतल्या?"

"तुम्ही सांगितलंत, मी घेतल्या." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून ते म्हणाले, "काय झालं हो?"

"बसा. रक्त घेते."

बोट टोचताना माझा हात स्थिर होता. सवयीने होता, माझ्यामुळे नव्हे. आकडा आला चार पूर्णांक सहा. तीनच्या जागी साडेचारच्या वर. मी त्यांना आतल्या बाकावर बसवलं आणि बाईंच्या खोलीत गेले.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती जणांना?"

"सगळ्यांना."

"चारही दिवस?"

"हो. आणि म्हाताऱ्याकडे अकरा दिवसांपूर्वीचे डोस आहेत. त्यानंतर ज्यांचा डोस आपण बदलला त्यांना पहिल्या मेसेजमध्ये नवा डोस गेलाय आणि दुसऱ्यात जुना."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "यादी काढ. धोक्याप्रमाणे लाव. आज नवे पेशंट नकोत. तिघी मिळून फोन करू."

आधी म्हाताऱ्यावरचा मेसेजचा प्रोग्रॅम पुन्हा सुरू होणार नाही असा बंद केला, मग यादी काढायला सात मिनिटं लागली. एकशे एकाहत्तर जणांचा डोस बदललेला नव्हता. त्यांनी शिंपीकाकांसारखं दुप्पट घेतलं असू शकेल. त्रेचाळीस जणांचा बदलला होता. त्यातल्या चोवीस जणांचा वाढवला होता, एकोणीस जणांचा कमी केला होता. त्या एकोणिसांना आम्ही सगळ्यात वर घेतलं. त्यांतही ज्यांची गोळी पूर्ण थांबवली होती ते सगळ्यात वर.

अशी एकच ओळ होती. माझ्या आत्याची, बाळ्याच्या आईची.

आत्याला कृत्रिम झडप आहे. दातासाठी तिला दुसरं एक औषध सुरू झालं होतं, त्याने रक्त आणखी पातळ झालं. शनिवारी दुपारी ती रक्त देऊन गेली आणि संध्याकाळी आकडा आला पाच पूर्णांक आठ. बाईंनी ठरवलं, रविवार-सोमवार गोळी नको, मंगळवारी परत तपासू. मी तो डोस भरला. फोन करून सांगावं असं मनात आलं होतं. मग वाटलं, मेसेज जाणारच आहे.

म्हाताऱ्याला हे काही माहीत नव्हतं. त्याच्या हिशोबी आत्याची रोज एक गोळी होती.

मी आत्याला फोन लावला.

आत्याने तीस वर्षं टेलिफोन खात्यात ऑपरेटरची नोकरी केली. फोन तीन रिंगांच्या आत उचलायचा, ही सवय तिला निवृत्तीनंतरही सोडवत नाही. आंघोळीला जाताना फोन बाथरूमच्या बाहेर स्टुलावर ठेवते. मी रिंगा मोजल्या. अकरा झाल्या आणि फोन कटला.

यादीत अजून अठरा जण होते. मी दुसऱ्याला फोन लावला. त्यांनी दुसरा मेसेज चुकीचा समजून सोडून दिला होता. मग आत्या, अकरा रिंगा. तिसऱ्या बाईंनी दोन्ही मेसेजमधले डोस मिळवून घेतले होते. त्यांना लगेच यायला सांगितलं. मग आत्या. चौथे गृहस्थ चिडले, "तुम्हीच घोळ घालायचा आणि तुम्हीच विचारायचं." मी हो म्हणाले. मग आत्या. सिस्टर बाजूच्या फोनवर बोलत होत्या, त्यांचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर गेला होता. मला सारखं हिशोब करावासा वाटत होता. एक जास्तीची गोळी बहुतेकांना काही करत नाही. आकडा आधीच सहाच्या जवळ असताना दोन गोळ्या, तेही बहुतेकांना लगेच काही करत नाहीत. बहुतेकांना. हा शब्द मी आजवर किती लोकांना किती शांतपणे सांगितला होता.

चौथ्यांदा आत्याने उचलला नाही तेव्हा मी बाळ्याला फोन केला.

"म्हातारा मेसेज पाठवत होता," मी म्हणाले. "चार दिवस."

"थांबवला होतास ना?"

"थांबवला होता. वीज गेली होती."

"परत सुरू होऊ नये असं केलं होतंस?"

"नाही," मी म्हणाले.

"हं," तो म्हणाला. "मलाच विचारायला हवं होतं. सगळे करतात गं हे. माझ्याकडे एक दुकान आठवडाभर दोन सर्व्हरवरून पावत्या छापत होतं. लोकांनी जुळ्या पावत्या भिंतीला लावल्या. आत्ता त्याला बंद करू नकोस. कुणाला काय गेलं त्याची नोंद त्याच्याकडेच आहे, ती आधी कॉपी कर. मी सांगतो तसं..."

"बाळ्या, आत्या फोन उचलत नाही."

पलीकडे त्याचं टाइप करणं थांबलं.

"आईला पण गेले?"

"तिची गोळी थांबवली होती. दुसऱ्या मेसेजने घ्यायला सांगितली."

"किती रिंगा दिल्यास?"

"अकरा. चार वेळा."

"निघ," तो म्हणाला.

बाईंनी माझ्या हातातून यादी घेतली आणि बोट टोचून आकडा दाखवणारं लहान मीटर माझ्या पिशवीत टाकलं. "उरलेले आम्ही करतो."

आत्याचं घर चालत दहा मिनिटांवर आहे. मी किती मिनिटांत गेले ते मला माहीत नाही, आणि मला अशा गोष्टी माहीत असतात. तिसऱ्या मजल्यावर बेल दाबली. पुन्हा दाबली. माझ्याकडे किल्ली होती. कुलूप उघडलं, पण दार चार बोटं उघडून अडलं. आतून साखळी लावलेली होती.

फटीतून बेसिनचा एक कोपरा दिसत होता. काठावर पांढरा टॉवेल लोंबत होता, आणि त्याचा खालचा अर्धा भाग लाल होता.

"आत्या."

नळ चालू होता. मी नळाकडे कान दिला, त्याच्यामागे दुसरा कसला आवाज आहे का ते ऐकायला. नव्हता.

"आत्या!"

मग चपलांचा आवाज आला. सावकाश, थांबत थांबत. "अगं काढते, काढते. दार मोडशील. बेल आहे का ढोल?"

तिने साखळी काढली. डाव्या हाताने नाकाला फडकं धरलं होतं आणि ते भिजलेलं होतं.

"सातपासून नाकातून रक्त येतंय," ती म्हणाली. "फोन ऐकला मी. पण दोन्ही हात रक्ताचे. म्हटलं, रिसीव्हर बरबटेल. आता मोबाइल आहे म्हणा, पण सवय."

मी तिला खुर्चीत बसवलं. मान मागे टाकून ती बसू पाहत होती, ती मी पुढे वाकवली आणि नाक चिमटीत धरलं. तिच्या दंडावर तळहाताएवढा निळा डाग होता.

"आत्या, काल गोळी घेतलीस?"

"घेतली."

"आज?"

"चहाबरोबर. का?"

"पहिल्या मेसेजमध्ये काय होतं?"

"आज गोळी घेऊ नका." नाक धरल्यामुळे तिचा आवाज बोबडा येत होता. "आणि दोन मिनिटांनी दुसरा, एक गोळी घ्या. म्हटलं, पोरीने चुकून लिहिलं आणि लगेच सुधारलं. आमच्या खात्यात नियमच होता. दोन निरोप आले तर शेवटचा निरोप खरा."

"शुक्रवारी, शनिवारी दोन गोळ्या घेतल्यास?"

"वेडी आहे का मी? तेव्हा दोन्ही सारखेच होते. एकच गोष्ट दोनदा सांगायची तुझी खोड काय आजची आहे?"

मी तिचं बोट टोचलं. रक्ताचा थेंब यायला वेळच लागला नाही. मीटरने आपलं नेहमीचं मोजणं सुरू केलं आणि शेवटी आकडा दाखवलाच नाही. आठच्या वर गेलं की ते आकडा दाखवत नाही, नुसती एक खूण दाखवतं. आकडा कितीही वाईट असला तरी मला त्याच्याशी काय करायचं ते कळतं. त्या खुणेकडे मी बघत राहिले.

बाईंना फोन केला. "मोठ्या हॉस्पिटलमध्ये ने, मी तिथे कळवते," त्या म्हणाल्या. "आणि विचार, डोक्याला कुठे लागलंय का."

मी विचारलं.

"पडले नाही मी," आत्या म्हणाली.

"लागलंय का ते विचारते."

"परवा कपाटाचं दार लागलं. एवढंसं. कानामागे."

मी केस बाजूला केले. एक टेंगूळ होतं, गडद जांभळं.

"डोकं दुखतंय?"

"तुला बघितलं की दुखतं." मग टॅक्सीत, खिडकीबाहेर बघत, ती हळूच म्हणाली, "सकाळपासून थोडं दुखतंय. डाव्या बाजूला."

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये अठरा खुर्च्या होत्या. जमिनीवरच्या हिरव्या पट्ट्यावरून आत्याची ट्रॉली डोक्याचा फोटो काढायच्या खोलीत गेली आणि दारावरचा लाल दिवा लागला. कवटीच्या आत रक्त साचायला फार जागा नसते. किती असते ते मी शिकले आहे, आणि त्या अर्ध्या तासात ते न शिकलेली कुणीही बाई व्हायला मी तयार होते. बाळ्या दर पाच मिनिटांनी फोन करत होता. चौथ्या वेळी तो गाडीची वाट बघत होता. त्याच्या मागे स्टेशनवरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"ताई," तो म्हणाला, "तिसरा पर्याय घेतला असतास तरी म्हातारा उठलाच असता. उगाच ते नको धरून बसू."

ते खरं होतं. मी कोणती जागा निवडली याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तीन-साडेतीन आठवडे मी नव्या घराच्या भिंती ठोकून पाहत होते, आणि जुन्या घरात माणूस जागा होता.

लाल दिवा गेला. आतून आलेल्या डॉक्टरांनी आधी कागदावर काहीतरी लिहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "आत रक्त नाही. सध्या तरी. रात्रभर ठेवू आणि सकाळी परत फोटो काढू."

सध्या तरी. त्यांच्या जागी मीही हेच म्हणाले असते.

तिला उतारा दिला. फार दिला तर झडपेवर गाठ व्हायची, म्हणून थोडाच, मोजून. दुपारी आकडा सहा पूर्णांक दोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन पूर्णांक चार, आणि दुसरा फोटोही स्वच्छ. बाळ्या पहाटेच पोचला होता आणि आईच्या पायाशी स्टुलावर बसून तिला बडबड करायला लावत होता. दवाखान्यातून सिस्टरांचा फोन आला. दोनशे चौदापैकी दोनशे चौदांशी बोलणं झालं होतं. नऊ जणांची गोळी थांबवावी लागली होती. हॉस्पिटलात एकटी आत्या.

मग मी तिला सांगितलं. दुसरा मेसेज सुधारणा नव्हती. चूक त्यातच होती, आणि ती माझी होती.

"म्हणजे पहिला निरोप खरा होता."

"हो."

"आणि दुसरा कुणाचा?"

"जुन्या यंत्राचा. मी ते शेजारी चालू ठेवलं होतं. खात्रीसाठी."

"खात्रीसाठी," आत्या म्हणाली आणि बाळ्याकडे बघून हसली. मला ते हसू सहन झालं नाही.

त्याच दुपारी मी म्हाताऱ्यावरच्या नोंदी कॉपी केल्या, दोन ठिकाणी ठेवल्या आणि त्याची वायर भिंतीतून उपटली. पंखा एकदा खोकला आणि थांबला. वायर मी गुंडाळून बाईंच्या कपाटात कुलपात ठेवली. बाईंनी प्रत्येक पेशंटला काय झालं ते पत्राने कळवलं, काही न लपवता. पुढच्या महिन्यात बाळ्याने सांगितलेल्या तिसऱ्या पर्यायावर आम्ही सगळं हलवलं, आणि यावेळी आधी जुन्याचं मरण लिहून काढलं, मग नव्याचा जन्म. आता प्रत्येक मेसेजच्या शेवटी एक ओळ असते: आज यानंतर डोसचा दुसरा मेसेज येणार नाही. आला तर गोळी घेण्याआधी फोन करा.

आत्याने मेसेज घ्यायचं सोडलं. "तूच सांग," म्हणाली. म्हणून रोज सहाला मी तिला फोन करते. ती तीन रिंगांच्या आत उचलते. दुसरी रिंग गेली की मी उभी राहते.

"एक गोळी," मी म्हणते.

"एकदाच सांगतेयस ना?"

"एकदाच."

ती फोन ठेवते. मी माझा फोन हातात धरून तशीच उभी राहते, घड्याळाकडे बघत, सहा वाजून दोन मिनिटं होऊन जाईपर्यंत.